थायरॉइड-उद्दीपक संप्रेरक आणि थायरॉइडचा कर्करोग

थायरॉइड-उद्दीपक संप्रेरक, म्हणजेच टीएसएच, हे मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीतून स्रवणारे संप्रेरक आहे. ते थायरॉइड अर्थात अवटू ग्रंथीच्या कार्याचे व वाढीचे नियमन करते. या ग्रंथीच्या बहुतेक कर्करोगांतील पेशीही टीएसएचला प्रतिसाद देतात. त्यामुळे उपचारात त्याच्या पातळीला महत्त्व आहे. तथापि, वाढलेल्या टीएसएचमुळे कर्करोग उद्भवतो, असे मानवात सिद्ध झालेले नाही.

नियमन

अवटू ग्रंथी मानेच्या पुढील भागात श्वासनलिकेसमोर असते. ती आयोडीनच्या साहाय्याने थायरॉक्सिन (टी४) व ट्रायआयोडोथायरोनिन (टी३) ही संप्रेरके तयार करते. रक्तातील त्यांचे प्रमाण घटले की टीएसएचचा स्राव वाढतो आणि प्रमाण वाढले की तो कमी होतो. त्यामुळे ग्रंथीचे कार्य मंदावल्यास रक्ततपासणीत टीएसएच सहसा वाढलेले दिसते. आहारात दीर्घकाळ आयोडीनची कमतरता राहिल्यास ग्रंथी आकाराने मोठी होते. या विकारास गलगंड म्हणतात.

कर्करोगाचे प्रकार

पॅपिलरी व फॉलिक्युलर हे कर्करोग संप्रेरके तयार करणाऱ्या पेशींपासून उद्भवतात. त्यांपैकी पॅपिलरी प्रकार सर्वाधिक आढळतो. या दोन्ही प्रकारांतील पेशींवर बहुधा टीएसएचचे ग्राही टिकून असतात. मेड्युलरी कर्करोग कॅल्सिटोनिन स्रवणाऱ्या सी-पेशींपासून होतो व तो टीएसएचवर अवलंबून नसतो. अ‍ॅनाप्लास्टिक हा दुर्मीळ, परंतु अत्यंत वेगाने वाढणारा प्रकार आहे.

जोखमीचा प्रश्न

प्रयोगशाळेतील उंदरांमध्ये टीएसएचची पातळी दीर्घकाळ उंच राहिल्यास ग्रंथीत अर्बुदे निर्माण होतात. मानवात, ग्रंथीत गाठ असलेल्या रुग्णांच्या काही पाहण्यांत, टीएसएच जितके अधिक तितकी गाठ कर्करोगाची असण्याची शक्यता अधिक आढळली. मात्र अशा सहसंबंधावरून कार्यकारणभाव ठरत नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आनुवंशिक अभ्यासात तर जन्मतः टीएसएच कमी असण्याकडे कल असलेल्या व्यक्तींमध्येच या कर्करोगाची जोखीम अधिक दिसली.

याउलट, बालपणी मानेवर झालेला किरणोत्सर्गाचा मारा हे सिद्ध झालेले कारण आहे. १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर किरणोत्सारी आयोडीन शरीरात गेलेल्या मुलांमध्ये या रोगाचे प्रमाण वाढले. काही प्रकारांत आनुवंशिकताही कारणीभूत असते.

म्हणून ग्रंथीची कार्यमंदता ही कर्करोगाची पूर्वसूचना मानता येत नाही. तसेच, टीएसएच सामान्य आहे एवढ्यावरून मानेतील गाठ निर्धोक ठरत नाही. कर्करोगाच्या बहुतेक रुग्णांमध्ये ते सामान्यच असते. निदानासाठी सोनोग्राफी आणि आवश्यकतेनुसार सुईने पेशी काढून केलेली तपासणी उपयोगी पडते.

उपचारातील उपयोग

शस्त्रक्रियेने संपूर्ण ग्रंथी काढल्यावर रुग्णाला आयुष्यभर थायरॉक्सिन घ्यावे लागते. ते शरीराची गरज भागवते. शिवाय मात्रा थोडी वाढवल्यास टीएसएच दबते आणि उरलेल्या कर्कपेशींना मिळणारे उद्दीपन घटते. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अधिक जोखमीच्या रुग्णांत टीएसएच प्रारंभी ०.१ मिलियुनिट प्रति लिटरपेक्षा कमी ठेवावे. कमी जोखमीच्या रुग्णांत एवढ्या दमनाची गरज नसते. अतिरिक्त दमनामुळे, विशेषतः वयस्कर व्यक्तींमध्ये, हृदयाचे ठोके अनियमित होणे व हाडे ठिसूळ होणे हे धोके संभवतात.

किरणोत्सारी आयोडीनच्या उपचारापूर्वी मात्र टीएसएच मुद्दाम वाढवले जाते, कारण त्याच्या उद्दीपनाने उरलेल्या पेशी आयोडीन अधिक शोषतात. त्यासाठी थायरॉक्सिन काही आठवडे थांबवतात किंवा कृत्रिमरीत्या तयार केलेल्या टीएसएचचे इंजेक्शन देतात. भारतात या उपचारपद्धतीच्या विकासात मुंबईतील परळ येथील, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरचा मोठा वाटा आहे. या संस्थेची स्थापना १९६३ मध्ये झाली.