बर्फातील माग आणि लांडग्यांचे कूळ

कळपात एकच वळू वर्षानुवर्षे राहिला तर पुढच्या वेतांत कस उरत नाही, ही गोष्ट पशुपालकाला कोणी शिकवावी लागत नाही. शेळ्या पाळणारा मनुष्य दर दोन-तीन वर्षांनी बोकड बदलतो तो याच कारणाने. पाळीव जनावरांच्या बाबतीत हा बदल माणसाच्या हाती असतो. रानातील जनावराला मात्र आपला जोडीदार आपणच शोधावा लागतो. आणि आसपास शेकडो कोसांत परका जोडीदारच नसेल तर काय होते, याचे उदाहरण युरोपच्या उत्तर भागात गेल्या चार दशकांत घडले आहे. ते घडत असताना शास्त्रज्ञांना पिढ्यान्‌पिढ्यांचा जवळजवळ पूर्ण हिशेब ठेवता आला, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

स्वीडन आणि नॉर्वे हे शेजारी देश ज्या द्वीपकल्पावर वसले आहेत, त्यास स्कँडिनेव्हिया म्हणतात. सूचिपर्णी वृक्षांची विस्तीर्ण अरण्ये, लांब हिवाळा आणि विरळ वस्ती असा हा प्रदेश. तेथे लांडगा पूर्वी सर्वत्र होता. मेंढ्या आणि पाळीव रेनडियर यांचा शत्रू म्हणून त्याला शासनाचे इनाम लावून मारण्यात आले आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तो जवळजवळ नाहीसा झाला. स्वीडनने १९६६ साली लांडग्याला कायद्याचे संरक्षण दिले. पुढे काही वर्षांत नॉर्वेनेही तसेच केले. परंतु संरक्षण देण्याजोगे लांडगे तेव्हा उरलेच नव्हते, असे म्हटले तरी चालेल.

एक जोडपे कोठून आले?

१९८३ साली स्वीडनच्या वेर्मलांड प्रांतात, नॉर्वेच्या सरहद्दीलगतच्या जंगलात, लांडग्याच्या एका जोडप्याला पिल्ले झाली. लांडग्यांची सर्वांत जवळची वस्ती फिनलंड व रशिया यांच्या बाजूला, तेथून ९०० किलोमीटरांहून अधिक दूर होती. एवढ्या अंतरावरून लांडगे चालत आले, हे पुष्कळांना पटेना. कोणीतरी प्राणिसंग्रहालयातील लांडगे गुपचूप आणून सोडले, असा प्रवाद गावोगावी पसरला. हा वाद केवळ कुतूहलाचा नव्हता. लांडगे आपण होऊन आलेले असतील तर ते त्या देशाचे वन्य प्राणी, आणि सोडलेले असतील तर ती कोणाची तरी आगळीक. मेंढ्या गमावणाऱ्या माणसाच्या दृष्टीने या दोहोंत फार अंतर आहे.

या प्रश्नाचे उत्तर आनुवंशिकीने दिले. प्रत्येक प्राण्याच्या पेशीत डीएनए नावाचा लांबच लांब धागा असतो. त्यावर त्या प्राण्याच्या घडणीची सूचना चार रासायनिक अक्षरांत लिहिलेली असते. या धाग्यावर काही ठिकाणी दोन-चार अक्षरांचा एकच तुकडा पुन्हापुन्हा येतो. तो एका प्राण्यात बारा वेळा येईल, तर दुसऱ्यात पंधरा वेळा. अशी वीस-पंचवीस ठिकाणे तपासली की त्या प्राण्याचा अंगठ्याच्या ठशासारखा स्वतंत्र ठसा हाती येतो. अंगठ्याच्या ठशावरून मात्र बाप ओळखता येत नाही. येथे तो ओळखता येतो, कारण प्रत्येक ठिकाणच्या दोन प्रतींपैकी एक आईकडून आणि एक बापाकडून आलेली असते. याशिवाय पेशीतील डीएनएचा एक लहानसा भाग केवळ आईकडून, आणि नराचे विशिष्ट गुणसूत्र केवळ बापाकडून मिळते. म्हणजे मातृकुळाचा व पितृकुळाचा मागही निरनिराळा काढता येतो.

स्वीडिश संशोधकांनी रानातील लांडगे आणि प्राणिसंग्रहालयातील लांडगे यांचे ठसे जुळवून पाहिले. ते जुळले नाहीत. रानातील लांडग्यांचे कूळ फिनलंड व रशिया यांकडील लांडग्यांशी जुळले. तरीही शंका संपेना, तेव्हा नॉर्वेच्या संसदेच्या सूचनेवरून ट्रॉनहाइम येथील विद्यापीठाने पुन्हा तपास केला. २०२१ साली त्याचा निष्कर्ष आला, तो तोच.

विष्ठेचे मोल

लांडगा सहसा दिसत नाही. मग एवढ्या लांडग्यांच्या पेशी मिळाल्या कशा? काही मेलेल्या वा मारलेल्या लांडग्यांपासून मिळाल्या, काही गळ्यात रेडिओ-पट्टा बांधण्यासाठी बेशुद्ध केलेल्या लांडग्यांच्या रक्तातून. परंतु सर्वांत मोठा साठा मिळाला तो विष्ठेतून. विष्ठा आतड्यातून पुढे सरकताना आतड्याच्या अस्तरातील पेशी तिला चिकटतात, आणि त्यांतील डीएनए प्रयोगशाळेत वेगळा करता येतो. माजावर आलेल्या मादीच्या मूत्राबरोबर बर्फावर रक्ताचे थेंब पडतात, तेही उपयोगी पडतात.

हे काम हिवाळ्यात चालते. ताजे बर्फ पडले की दुसऱ्या दिवशी सरकारी कर्मचारी, आणि त्यांच्या जोडीला गावातील शिकारी व हौशी स्वयंसेवक, माग काढत निघतात. लांडग्यांची टोळी एकापाठोपाठ एक, पावलात पाऊल टाकून चालते. त्यामुळे वरकरणी एकाच जनावराचा वाटणारा माग पुढे वळणावर फाटतो, तेव्हा कोठे खरी संख्या कळते. वाटेत सापडलेली विष्ठा पिशवीत घालून, तारीख व ठिकाण लिहून पाठविली जाते. थंडी येथे मदतीस येते, कारण गोठलेल्या विष्ठेतील डीएनए बराच काळ टिकतो. उन्हापावसात तो लवकर तुटतो. तुटक्या डीएनएची परीक्षा चुकण्याचा धोका असतो, कारण दोन प्रतींपैकी एकच वाचली जाण्याचा संभव असतो. म्हणून एकाच नमुन्याची परीक्षा अनेकदा करून उत्तर मिळतेजुळते आले तरच ते नोंदवहीत जाते.

हीच पद्धत भारतातही वापरली गेली आहे. कान्हा, पेंच, सातपुडा आणि मेळघाट येथील वाघांच्या विष्ठेवरून केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. ज्या दोन जंगलांमध्ये वनाचे पट्टे शाबूत होते, तेथील वाघांत रक्ताची देवाणघेवाण चालू राहिल्याचे त्यात दिसून आले. येथे वाघाची वाट शेतांतून, रस्त्यांतून आणि खाणींतून जाते. उत्तरेच्या लांडग्याची वाट, पुढे दिसेल त्याप्रमाणे, दुसऱ्याच कारणाने अडते.

आठ वर्षांची कोंडी आणि एक नर

१९८३ च्या त्या जोडप्यापासून कूळ चालू झाले खरे, पण वाढले नाही. आरंभीची नर-मादी गेल्यावर त्यांच्या पिल्लांना एकमेकांखेरीज दुसरा जोडीदार उरला नाही. सख्ख्या भावंडांत संतती होत राहिली. १९८० च्या दशकात या लांडग्यांची संख्या दहाच्या वर गेली नाही. शिकारीचा जाच हे त्याचे कारण असावे, अशी अनेकांची समजूत होती.

पुढे नमुने तपासताना एक विलक्षण गोष्ट आढळली. १९९१ पासून जन्मलेल्या पिल्लांच्या ठशांत असे काही आकडे दिसू लागले की जे मूळ जोडप्याकडून येणे शक्यच नव्हते. नराच्या गुणसूत्राचाही एक नवा प्रकार दिसला. मातृकुळ मात्र तेच, जुने. याचा अर्थ एकच होता : पूर्वेकडून एक परका नर येऊन मिळाला होता. तो येताना कोणी पाहिला नव्हता; त्याची नोंद झाली ती त्याच्या लेकरांच्या रक्तात. त्याच्या आगमनानंतर संख्या झपाट्याने वाढू लागली, आणि दहा वर्षांत ती शंभराच्या आसपास पोहोचली. दशकभर जे केवळ संरक्षणाने साधले नव्हते, ते एका जनावराने साधले. हा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला आणि वन्यजीव-व्यवस्थापनात तो आजही वारंवार दाखविला जातो.

परंतु तीन पूर्वजांवर किती काळ निभावणार? शंभर लांडगे झाले तरी ते सारे त्या तिघांचेच वंशज होते. वंशावळीवरून अंतःप्रजननाचे प्रमाण आकड्यात काढता येते. परस्परांशी नाते नसलेल्या आईबापांची सख्खी भावंडे एकत्र आली तर त्यांच्या संततीचा हा अंक ०.२५ येतो. स्कँडिनेव्हियातील काही लांडग्यांचा अंक ०.४१ पर्यंत गेला होता. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, हा अंक ०.१ ने वाढला की पहिल्या हिवाळ्यापर्यंत जगणाऱ्या पिल्लांपैकी सरासरी एकाहून थोडे अधिक पिल्लू कमी होते. लांडगीला एका वेताला चार-सहा पिल्ले होतात हे ध्यानात घेतले म्हणजे ही घट किती मोठी ते समजेल. मृत लांडग्यांच्या सांगाड्यांत मणक्यांची व्यंगेही वाढत्या प्रमाणात आढळली. २०१८ मध्ये संपूर्ण डीएनए वाचून पाहण्यात आला तेव्हा काही लांडग्यांत एखाद्या गुणसूत्राच्या दोन्ही प्रती आरंभापासून अंतापर्यंत एकसारख्या निघाल्या. दोन्ही प्रती सारख्या असल्या की एकीतील दोष दुसरीने झाकला जात नाही.

एकदा आलेले नवे रक्त कायमचे पुरत नाही, याचा पडताळा अमेरिकेतही आला. सुपीरियर सरोवरातील आइल रॉयल या बेटावर १९९७ साली गोठलेल्या पाण्यावरून एक नर चालत आला. तोही पुढे विष्ठेतील डीएनएवरूनच परका असल्याचे कळले. त्याची संतती एवढी माजली की थोड्याच पिढ्यांत बेटावरील सर्व लांडगे त्याचे नातलग झाले आणि पुन्हा जवळच्या नात्यातच प्रजनन सुरू झाले. २०१६ साली बेटावर दोनच लांडगे उरले होते, आणि ते परस्परांचे बाप-लेक होते. हिवाळे उबदार होत चालल्याने बर्फाचा पूल आता क्वचितच बनतो. म्हणून २०१८ पासून बाहेरचे लांडगे तेथे नेऊन सोडावे लागले.

संख्या पुरेशी, पण कोण?

स्वीडनमध्ये लांडगे वाढले तशी गावकऱ्यांची तक्रारही वाढली. तिला आधार नव्हता असे नाही. त्या भागात हरणवर्गातील एल्क या मोठ्या प्राण्याची शिकार हा शरद ऋतूतील ग्रामजीवनाचा भाग आहे. माग काढण्यास मोकळा सोडलेला शिकारी कुत्रा लांडग्यांनी फाडला, तर घरातील माणूस गेल्यासारखे दुःख होते. मेंढ्यांची हानी निराळीच. २००९ साली संसदेने लांडग्यांच्या संख्येवर २१० ची तात्पुरती मर्यादा घातली, आणि २०१० च्या जानेवारीत परवान्याने शिकार झाली. त्याच निर्णयात नवे रक्त आणण्याचीही तरतूद होती. एका हाताने कमी करणे आणि दुसऱ्या हाताने सुधारणे हे विसंगत वाटेल; पण वंशावळ हाती असल्याशिवाय असा विचारसुद्धा कोणाला करता आला नसता.

कारण डोकी मोजण्याला तेथे फारसा अर्थ उरला नव्हता. जुन्या कुळातील दहा लांडगे गेले तरी त्यांच्यातील जनुके इतर शंभरांत शिल्लक असतात. नुकताच पूर्वेकडून आलेला एक लांडगा, किंवा त्याचे एखादे पिल्लू गेले, तर जे जाते ते दुसऱ्या कोणापाशीच नसते. २००८ सालापासून असे आणखी दोन नर प्रजननात आले. त्यांच्या संततीला जोडीदार मिळण्याचे आणि पिल्ले होण्याचे प्रमाण जुन्या कुळातील लांडग्यांपेक्षा स्पष्टपणे अधिक असल्याचे २०१६ च्या अभ्यासात दिसले. मृत लांडगा प्रयोगशाळेत आला की तो कोणत्या टोळीतला, कोणाचा लेक, हे आता सांगता येते. दिसायला मात्र सारे लांडगे सारखेच. बंदूक रोखलेल्या माणसाला डीएनए दिसत नाही. म्हणून परवाना देताना कोणत्या टोळीच्या क्षेत्रात शिकार व्हावी आणि कोणते क्षेत्र वगळावे हे ठरविण्यासाठी वंशावळीचा आधार घ्यावा लागतो.

खरी अडचण वाटेची आहे. फिनलंडकडून येणाऱ्या लांडग्याला स्वीडनच्या उत्तर भागातून खाली उतरावे लागते, आणि तो सारा मुलूख सामी या आदिवासी लोकांच्या रेनडियर-पालनाचा आहे. रेनडियर मोकळे चरतात. त्यांना गोठा नाही की कुंपण नाही. एक लांडगा कळपात शिरला तर काही रेनडियर मारतोच, शिवाय सारा कळप उधळून लावतो, आणि महिन्यांची मेहनत वाया जाते. त्यामुळे या मुलुखात लांडग्याला थारा मिळत नाही, आणि पूर्वेकडून निघालेल्यांपैकी बहुतेक तेथेच संपतात. सामी लोकांना दोष देणे सोपे आहे. परंतु ज्यांचा चरितार्थ रेनडियरवर चालतो, त्यांनीच दूरच्या दक्षिणेतील लांडग्यांच्या कुळासाठी झीज सोसावी, ही अपेक्षाही न्याय्य म्हणता येणार नाही.

यावर एक उपाय योजण्यात आला. उत्तरेत शिरलेल्या आणि वंशाच्या दृष्टीने मोलाच्या ठरलेल्या लांडग्यांना मारण्याऐवजी बेशुद्ध करून दक्षिणेत नेऊन सोडावयाचे. काही ठिकाणी तो यशस्वी झाला. युनसेले गावाच्या परिसरातील एका लांडगीला मात्र असे एकाहून अधिक वेळा हेलिकॉप्टरने गाठून दूर नेण्यात आले. तिच्या कुळाचा ठसा तपासलेला होता. ती पूर्वेकडून आलेली, म्हणजे दक्षिणेतील टोळ्यांना हवी असलेली नेमकी तीच होती. प्रत्येक वेळी तिला सोडले की ती शेकडो किलोमीटर चालून पुन्हा रेनडियरच्या मुलुखात परत आली.