चमकले म्हणून शिसे ठरत नाही

अंधाऱ्या खोलीत पेल्यातील पाण्यावर अतिनील प्रकाशाचा दिवा धरावा आणि निळसर झळाळी दिसताच ‘शिसे सापडले’ असा निकाल द्यावा, ही समजूत ‘चमकणाऱ्या नॅनोकणांनी धातू ओळखला’ अशा वार्तांमुळे इतकी रूढ झाली आहे की तिची शहानिशा करणे आता अगत्याचे आहे. बारवी धरणाच्या पाण्यावर विसंबणाऱ्या अंबरनाथ-उल्हासनगरच्या रहिवाशांना वालधुनी नदीचे रंगीत पाणी डोळ्यांदेखत वाहताना पाहावे लागते. त्यांचे भय साधार आहे, आणि साधार भयाला खोटा पुरावा जोडणे हा त्यांच्यावरील अन्यायच होय.

वस्तुस्थिती बहुधा नेमकी उलट असते. 2004 मध्ये कार्बनच्या सूक्ष्म नलिका शुद्ध करताना अकल्पितपणे हाती आलेले कार्बन डॉट हे काही नॅनोमीटर व्यासाचे कण मुळातच प्रकाशमान असतात. त्यांच्या पृष्ठभागाला धातूचा आयन चिकटला म्हणजे शोषलेली ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर न पडता अन्य मार्गाने निघून जाते आणि तेज मंदावते. तेज वाढवणाऱ्या पद्धतीही आहेत, परंतु पुष्कळ पद्धतींत मोजायची असते ती घट, आणि तीही डोळ्यांनी नव्हे, तर ज्ञात प्रमाणाच्या द्रावणांशी ताडून, यंत्राने. कण न घालता नुसते पाणी चमकले, तर ती करणी बहुधा धुण्याच्या पावडरीतील शुभ्रकाची किंवा कुजलेल्या पाल्यातील सेंद्रिय द्रव्यांची. विरघळलेले शिसे त्या दिव्याखाली मुळीच चमकत नाही!

बरे, कण घातले आणि तेज मंदावले, तरी कसूर शिशाचीच असे कोणी ठरवले? अनेक कार्बन डॉट लोखंडाच्या आयनांनीही मंदावतात, आणि गंजलेल्या नळातून आलेल्या पाण्यात लोखंड असणे ही नित्याची गोष्ट आहे. भारतीय मानक 10500 (2012) प्रमाणे पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरमागे 0.01 मिलिग्रॅम, पाऱ्याची 0.001 मिलिग्रॅम आहे; इतक्या अल्प मात्रेपुढे लोखंडाची गर्दी असताना निवडक्षमता सिद्ध न केलेल्या कणांचा दाखला ग्राह्य धरता येत नाही. संशय आलेला नमुना प्रयोगशाळेत धातूंची अत्यल्प मात्रा मोजणाऱ्या आयसीपी-एमएस यंत्रावर तपासून घ्यावा, हाच रास्त मार्ग.

टीडीएस मीटर शिसे दाखवतो, हेही खरे नव्हे: तो एकूण क्षारांचा अंदाज पूर्ण मिलिग्रॅमांत देतो, आणि शिशाची मर्यादा त्याच्या सर्वांत लहान आकड्याचा शंभरावा भाग आहे. पाणी उकळल्याने धातू जात नाहीत. वाफ निघून गेल्यावर त्यांचे प्रमाण उलट वाढते. वालधुनीचे पाणी बारवीच्या पाण्यात उचलण्यापूर्वीच मिसळते, हीही गल्लत. बारवीचे पाणी उल्हास नदीतून जांभूळ येथे उचलले जाते, आणि वालधुनी उल्हासला जांभूळच्या खाली, कल्याणजवळ मिळते.

हेच कण रक्तातील शिसेही दाखवतात, हा गैरसमज मात्र अधिक घातक आहे. पाण्यासाठी सिद्ध केलेले कण रक्ताच्या थेंबात घालून काम भागत नाही, कारण हिमोग्लोबिन प्रकाश शोषून घेते आणि रक्तद्रवातील प्रथिने स्वतःच चमकतात. शिवाय रक्तातील नव्वद टक्क्यांहून अधिक शिसे तांबड्या पेशींत असल्यामुळे केवळ रक्तद्रव तपासणारी चाचणी त्याला जवळजवळ मुकते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 2021 मध्ये लहान मुलांसाठी डेसिलिटरमागे 3.5 मायक्रोग्रॅम हा संदर्भ-आकडा जाहीर केला. मुलाला शिशाची बाधा झाल्याची शंका असेल, तर शिरेतून घेतलेले संपूर्ण रक्त धातुमुक्त नळीत प्रयोगशाळेकडे जायला हवे.