डोंगरवाटेवरचा विमा
माधवगंजातील एखादा तरुण आल्प्स पर्वतात सायकल चालवावयास निघाला, तर शेंगेन व्हिसासाठी त्यास किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा दाखवावाच लागतो. नेपाळास जाण्यास भारतीयांना व्हिसा लागत नाही; साहजिकच विम्याचे विस्मरण होते. तेथील थोरोंग खिंड मात्र ५,४१६ मीटर उंच आहे!

परंतु नुसते विमापत्र खिशात असणे पुरेसे नव्हे. पुष्कळ विमापत्रे साहसी खेळांतील अपघात वगळतात. काही ठराविक उंचीपलीकडची जबाबदारी नाकारतात. म्हणून हप्ता पाहण्यापूर्वी अपवादांचे कलम वाचावे. डोंगरावरील सायकलस्वारी समाविष्ट आहे काय, उंचीची मर्यादा किती, हेलिकॉप्टरने सुटका केल्यास खर्च कोण सोसणार, हे लेखी विचारून घ्यावे. जुने दुखणे लपवू नये. हप्त्यात चार पैसे वाचविण्याच्या मोहाचे ऋण पुढे घरच्यांनाच फेडावे लागते.