कपलिंग नसलेला डबा

लातूरचं विलासराव देशमुख वैद्यकीय महाविद्यालय असो की नांदेडजवळ विष्णुपुरीचं शासकीय रुग्णालय, एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रावर, मिळणाऱ्या गोळीचं नाव टीएलडी. रोज एक, मोफत. तिच्या पोटात काय काय चाललेलं असतं ते समजून घेतलं, तेव्हा मी थक्क झालो.

एचआयव्ही म्हणजे आरएनएची जेमतेम 9,700 अक्षरं आणि नऊ जनुकं. एवढ्याशा भांडवलावर तो पांढऱ्या पेशीत शिरतो, स्वतःच्या आरएनएवरून उलटा डीएनए बनवतो आणि तो आपल्या डीएनएत कायमचा घुसवतो. मग आपलीच पेशी त्याची पिल्लं घडवत बसते!

गोळीतली टेनोफोविर आणि लॅमिव्ह्यूडिन ही औषधं डीएनएच्या अक्षरांचंच रूप घेतात. विषाणू फसतो, त्यांना साखळीत जोडतो. पण त्यांना मागचं कपलिंगच नसतं. लातूरच्या रेल्वे कोच कारखान्यातून असा डबा निघाला तर त्याच्या मागे दुसरा जोडणार कसा? नक्कल अर्ध्यावरच थांबते. त्यातूनही एखादी पूर्ण झालीच, तर तिसरं औषध डोल्युटेग्राव्हिर तिला आपल्या डीएनएत शिरू देत नाही.

आधी घुसलेलं मात्र निघत नाही. काही पेशींत विषाणू वर्षानुवर्षं निजून असतो आणि औषध सुटलं की बहुधा काही आठवड्यांतच उठतो. म्हणून ऊसतोडीला निघताना कोयत्याबरोबर गोळ्यांची बाटलीही बांधायची. किती महिने बाहेर राहणार, हे सेंटरवर आधीच सांगावं.

व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, तपासणीत न सापडण्याइतका खाली राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे ज्या अभ्यासांतून उलगडलं, त्यातल्या एकात नऊ देशांतली 1,763 जोडपी होती, काही आपल्या पुण्यातली. 2011 साली त्याचे निष्कर्ष आले: लवकर उपचार सुरू केल्यावर जोडीदाराला होणारी लागण 96 टक्क्यांनी घटली. आई गरोदरपणात नियमित औषध घेत असेल आणि बाळालाही वेळेवर औषध मिळालं, तर बहुतेक बाळं निगेटिव्हच राहतात. संसार, लेकरं, म्हातारपण, सगळं शक्य आहे.

तरीही ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून माणसं आपला जिल्हा सोडून दुसऱ्या जिल्ह्यात औषधाला जातात. एसटीचं भाडं, बुडालेली रोजंदारी, घरी सांगायचं खोटं कारण. संमतीशिवाय कुणाचा एचआयव्ही उघड करायला 2017 च्या कायद्याने मनाई केली आहे. पण रक्तात सापडेनासा झालेला विषाणू गावाच्या तोंडी अजून जिवंत आहे, आणि याचा मला फार राग येतो.