यंत्राने तपासले, जबाबदार कोण?



बियाणे उगवले नाही तर काय करायचे, हे मी गेली पंचवीस-तीस वर्षे गावोगावच्या सभांतून सांगत आलो आहे. पिशवी फेकू नका, तिला शिवलेला टॅग जपून ठेवा, पावतीवर लॉट नंबर लिहून घ्या, मूठभर बियाणे बाजूला काढून ठेवा आणि तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे अर्ज करा. हे आता तुम्हाला पाठ झाले आहे. पण घरच्या माणसाच्या तपासणीचा कागद मात्र आपण कोनाड्यात खोचतो आणि महिन्याभरात पोरे त्याची होडी करतात. आमच्या घरी जवळजवळ तसेच झाले, म्हणून आज शेतीचा विषय बाजूला ठेवून हे लिहीत आहे.

माझे थोरले बंधू गावी शेती पाहतात. वय बासष्ट. गेल्या संक्रांतीपासून त्यांना खोकला लागला. तुरीच्या मळणीची धूळ बाधली असेल असे सर्वांनीच धरले. तीन आठवडे झाले तेव्हा वहिनींनी हट्टाने त्यांना तालुक्याच्या गावी नेले. तेथे एका खासगी तपासणी केंद्रात पैसे भरून छातीचा फोटो काढला. अर्ध्या तासात छापील कागद हाती आला. कागद इंग्रजीत होता, खाली डॉक्टरांची सही नव्हती, आणि तळाशी बारीक अक्षरांत लिहिले होते की हा अहवाल संगणकाने तयार केला आहे. तो कागद पाहून दुसऱ्या एका डॉक्टरांनी ‘फोटो साफ आहे’ म्हटले आणि खोकल्याचे औषध दिले.

पाडवा उलटला आणि थुंकीत रक्त दिसले. मग सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी झाली, आणि क्षय निघाला. तोवर चार वर्षांची नात रोज आजोबांच्याच अंथरुणात झोपत होती.

मी विचारपूस करायला गेलो. केंद्रवाले म्हणाले, यंत्राने जे सांगितले तेच आम्ही छापले. यंत्र पुरवणारे फोनवर म्हणाले, आमचे यंत्र डॉक्टरांच्या मदतीला आहे, निदान करायला नाही. औषध देणारे डॉक्टर म्हणाले, माझ्यापुढे जो कागद आला त्यावर मी औषध दिले. घरी येऊन दादांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, ‘‘अरे, मग चुकलं कोण? मी खोकलो तेच चुकलं का?’’

मंडळी, दादांचा हा प्रश्न आज जगभरचे वकील आणि न्यायाधीश विचारीत आहेत. अशा यंत्रांना कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. ती रोगाचे फोटो वाचतात, रक्ताच्या तपासण्यांवरून अंदाज बांधतात, आणि आता तर मोबाइलवर बोलून सल्लाही देतात.

आधी हे यंत्र काय करते ते समजून घेऊ. हजारो माणसांच्या छातीचे फोटो त्याला दाखवतात, आणि कोणत्या फोटोत रोग होता, कोणत्यात नव्हता हे सांगतात. त्यावरून ते नव्या फोटोला एक आकडा देते, म्हणजे रोगाची शंका किती तो आकडा. कोणत्या आकड्याच्या वर ‘शंका आहे’ म्हणायचे, ही रेषा मात्र माणूस ठरवतो. धान्याच्या चाळणीसारखेच हे समजा. भोके बारीक ठेवली तर दाण्याबरोबर खडेही वर राहतात, मोठी ठेवली तर दाणेही खाली पडतात. रेषा खाली ओढली तर धडधाकट माणसांनाही पुढच्या तपासणीला धावावे लागते, वर नेली तर रोगी निसटतो. म्हणजे यंत्र चुकले असे म्हणताना, ती रेषा कोणी ठरवली हेही विचारले पाहिजे. केंद्राने, कंपनीने की कोणीच नाही?

यंत्र वाईट आहे असे मात्र मी म्हणणार नाही. जेथे फोटो वाचणारा तज्ज्ञ शंभर किलोमीटरवर बसतो, तेथे हे मोठेच साहाय्य आहे. हातात धरता येणारे एक्स-रे यंत्र घेऊन आता गावागावांत क्षयाच्या तपासणीची शिबिरे होतात, आणि तेथे फोटो संगणक वाचतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ह्या पद्धतीला मान्यता दिली. पण ती मान्यता पंधरा वर्षे आणि त्यावरील माणसांसाठी, आणि तीही चाळणी लावण्यापुरती आहे. क्षय आहे की नाही हे थुंकीच्या तपासणीने पक्के करायचे असते. तेव्हा शिबिरात लहान लेकराचा फोटो काढून ‘यंत्राने साफ म्हटले’ असे कोणी सांगितले तर ऐकून घेऊन गप्प बसू नका. आणि दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर यंत्र काहीही म्हणो, थुंकी तपासून घ्या. आमच्या घरी हेच कोणी केले नाही. त्यात मीही आलो. मी शिकलेला, शासकीय नोकरीतला, मला हे माहीत असायला हवे होते.

आता कायद्याकडे वळू. आपल्या देशात ह्या यंत्रांसाठी म्हणून वेगळा कायदा अजून झालेला नाही. युरोपातील देशांनी २०२४ साली एक केला आहे. म्हणून आपल्याकडे जुन्या कायद्यांनीच काम भागवावे लागते, पण ते अगदी निरुपयोगी आहेत असेही नाही.

डॉक्टरांपासून सुरुवात करू. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने दूरवरून उपचार देण्याबाबत मार्गदर्शक नियम काढले. त्यांत स्पष्ट म्हटले आहे की कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या यंत्रणेने रोग्याला स्वतः सल्ला देऊ नये आणि औषध लिहून देऊ नये. ती डॉक्टरांना मदत करू शकते, परंतु शेवटचा सल्ला आणि चिठ्ठी नोंदणीकृत डॉक्टरांचीच हवी. यंत्र म्हणाले म्हणून मी म्हणालो, ही सबब डॉक्टरांना सोडवत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात डॉक्टरांच्या निष्काळजीपणाची कसोटी सांगितली आहे. त्या विद्येतला साधारण जाणकार माणूस जेवढी काळजी घेईल तेवढी त्यांनी घेतली होती का, हे पाहायचे. प्रत्येक चूक म्हणजे गुन्हा नव्हे. फौजदारी खटल्यासाठी निष्काळजीपणा फार मोठा असावा लागतो, हेही त्याच निकालात आहे. त्यामुळे रागाच्या भरात पोलीस ठाण्यात जाण्यापेक्षा भरपाईची वाट बहुधा वेगळी असते.

ती वाट म्हणजे ग्राहक कायदा. पैसे भरून घेतलेला उपचार ही ‘सेवा’ आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. २०१९ च्या नव्या ग्राहक कायद्यात आरोग्यसेवेचा नावाने उल्लेख नाही, म्हणून डॉक्टर त्यातून सुटले असे काहींचे म्हणणे होते. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ साली ते फेटाळले आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवले. आपल्या ओळखीचा एक निकालही येथे आठवतो. बियाणे खराब निघाले तर शेतकरी हा ग्राहक आहे आणि तो ग्राहक मंचाकडे जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात सांगितले. ज्या दाराने तुम्ही बियाण्याच्या तक्रारीसाठी आत गेलात, त्याच दाराने येथेही जाता येते.

ह्या कायद्यात काही गोष्टी आपल्या सोयीच्या आहेत. तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगातच तक्रार करता येते, कंपनी मुंबईची असो की बंगळूरची. वकील लावलाच पाहिजे असे नाही. सेवेसाठी भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे, ती मात्र विसरू नका. सदोष मालाबद्दल उत्पादकाला जबाबदार धरण्याचे एक नवे प्रकरणही २०१९ च्या कायद्यात आले आहे. पण ज्याला ना वजन ना आकार, असा संगणकातला कार्यक्रम हा ‘माल’ धरायचा की नाही, यावर वकिलांत वाद आहे. निदान एवढे झाले आहे की एप्रिल २०२० पासून रोगनिदानासाठीचे असे कार्यक्रम वैद्यकीय उपकरणांत मोडतात. त्यांची धोक्यानुसार चार वर्गांत विभागणी होते, आणि २०२२ व २०२३ मध्ये टप्प्याटप्प्याने परवाना सक्तीचा झाला. म्हणून केंद्राला बेधडक विचारा, ह्या यंत्राचा परवाना आहे का? बियाण्याच्या दुकानदाराला आपण विचारतोच की!

मोफत शिबिराची गोष्ट मात्र निराळी. जेथे सर्वांनाच उपचार फुकट मिळतात, तेथे १९९५ च्या त्याच निकालाप्रमाणे ग्राहक कायदा लागत नाही. म्हणजे दाद नाही असे नव्हे. पश्चिम बंगालमधील एका शेतमजुराला रेल्वेतून पडल्यावर सरकारी दवाखान्यांनी दाखल करून घेतले नाही, तेव्हा १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो जगण्याच्या हक्काचा भंग ठरवून पंचवीस हजार रुपये देवविले. पण ती वाट लांबची आणि खर्चाची.

आणखी एक बाब, जिचा आपल्याकडे कोणी विचारच करीत नाही. तुमच्या छातीचा फोटो जातो कोठे? गूगलने डोळ्याच्या पडद्याचे फोटो वाचणारे यंत्र तयार करून २०१६ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ते शिकवताना आपल्या देशातील रुग्णालयांतले फोटोही वापरले होते. काम चांगलेच झाले. पण आपला फोटो कशासाठी वापरणार हे माणसाला समजेल अशा भाषेत सांगायला नको का? २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य बंधने अमलात आणायला त्यांत अठरा महिन्यांची मुदत दिली आहे. त्यात संमती साध्या भाषेत मागितली पाहिजे, आणि ती मराठीतही मागता येईल अशी तरतूद आहे. तेव्हा इंग्रजी कागदावर अंगठा मागितला तर आधी वाचून दाखवायला सांगा.

राहता राहिला मोबाइल. आमच्या शेजारच्या सूनबाईंनी लेकराच्या तापाला किती औषध द्यायचे ते मोबाइललाच विचारले. उत्तर लगेच आले. लेकराचे वजन किती हे त्या यंत्राने विचारले नव्हते, आणि त्यांनीही सांगितले नव्हते. अशा ठिकाणी काही विपरीत झाले तर बोट कोणाकडे दाखवणार? कंपनीने आधीच बारीक अक्षरांत लिहून ठेवलेले असते की हा वैद्यकीय सल्ला नव्हे. आशाताई तीन घरे सोडून राहतात, त्यांना विचारायला काय हरकत होती?

दादांच्या बाबतीत पुढे काय झाले ते सांगतो. कागदाची होडी व्हायच्या आत वहिनींनी तो उचलून ठेवला होता, पावतीही सापडली. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणे रोग्याने मागितल्यावर डॉक्टरांनी कागदपत्रे ७२ तासांत द्यावी लागतात. केंद्रावर ज्या डॉक्टरांचे नाव होते त्यांच्या नावे आम्ही लेखी अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. फोटोची मूळ प्रत तिसऱ्या दिवशी मिळाली. जिल्ह्याच्या ठिकाणी एका फोटोतज्ज्ञांना ती दाखवली, तेव्हा उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागावर बोट ठेवून ते म्हणाले, ‘‘येथे शंका घ्यायला हवी होती.’’ ते त्यांच्याकडून लिहून घेतले.

दादांच्या औषधाचा आता पाचवा महिना चालू आहे आणि वजन भरते आहे. नातीला रोग झालेला नाही, पण तो होऊ नये म्हणून तिलाही औषध चालू आहे, आणि ते कडू लागते म्हणून रोज सकाळी घर डोक्यावर घेते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल झाली आहे. पहिली तारीख कार्तिकात पडली आहे. तेव्हा हरभऱ्याची पेरणी चालू असेल, तरी दादा स्वतः येणार म्हणतात.