कोरियन युद्धकलांचा उगम : प्राचीन योद्धे, पुरावे आणि परंपरा

प्रस्तावना

तायक्वांदो हा कोरियन क्रीडाप्रकार २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून अधिकृत पदकस्पर्धांत समाविष्ट आहे. भारतीय विद्यापीठांच्या क्रीडास्पर्धांतही तो खेळला जातो. त्याची परंपरा दोन हजार वर्षांपूर्वीच्या योद्ध्यांपासून, विशेषतः सिल्ला राज्यातील ‘ह्वारांग’ या युवकगटांपासून अखंड चालत आली आहे, असे परिचयपर लेखनात सर्रास आढळते. प्रस्तुत लेखात या विधानाची उपलब्ध साधनांच्या आधारे तपासणी केली आहे.

थडग्यांतील भित्तिचित्रे

इसवी सनाच्या प्रारंभीच्या शतकांत कोरियन द्वीपकल्पात गोगुर्यो, बेकजे व सिल्ला ही तीन राज्ये उदयास आली. गोगुर्योच्या थडग्यांत, म्हणजे उत्तर कोरियातील अनाक क्रमांक ३ (इ.स. ३५७) व चीनमधील जीआनजवळील मुयोंगचोंग येथे, समोरासमोर उभ्या असलेल्या दोन निःशस्त्र पुरुषांची चित्रे आहेत. निःशस्त्र द्वंद्व त्या काळी ज्ञात होते, एवढे यावरून निश्चित म्हणता येते. त्यातील डावपेच मात्र चित्रांवरून कळत नाहीत.

ह्वारांग : वास्तव व कल्पना

‘सामगुक सागी’ (११४५) या इतिहासग्रंथात इ.स. ५७६ च्या वृत्तांताखाली ह्वारांगांच्या स्थापनेची नोंद आहे. निवडलेल्या तरुणांनी एकमेकांस नीतिधर्म शिकवावा, गीतसंगीतात रमावे, पर्वत व नद्या यांचे पर्यटन करावे, आणि त्यातून राज्यास योग्य माणसे मिळावीत, असे तिचे स्वरूप आहे. किम यू-सिन (५९५–६७३) हा सेनापती याच परंपरेतून पुढे आला. वोनग्वांग या भिक्षूने सांगितलेले राजनिष्ठा, मातृपितृभक्ती, मित्रांविषयी विश्वास, रणांगणातून माघार न घेणे व हत्येत विवेक हे पाच नियमही ह्वारांगांशी जोडले जातात. म्हणजे या वर्णनातून चारित्र्याची घडण दिसते. निःशस्त्र लढ्याची पद्धत त्यातून समजत नाही.

नंतरचे टप्पे

‘सुबाक’ या निःशस्त्र द्वंद्वाचे स्पष्ट उल्लेख गोर्यो काळात (९१८–१३९२) येतात. ११७० मध्ये राजा उइजोंग याच्यासमोर झालेल्या सुबाकच्या खेळात एक वयस्कर सेनाधिकारी मागे हटला, तेव्हा एका मुलकी अधिकाऱ्याने त्याच्या थोबाडीत मारली. दीर्घकाळ अवहेलना सोसणाऱ्या सैनिकांनी त्याच दिवशी उठाव केला व सत्ता लष्कराच्या हाती गेली. जोसन काळात राजा जोंगजो याच्या आज्ञेने १७९० मध्ये सिद्ध झालेल्या ‘मुये दोबो तोंगजी’ या सचित्र ग्रंथात चोवीस युद्धविद्या नोंदविल्या आहेत. त्यातील मुष्टियुद्धाचे प्रकरण बऱ्याच अंशी चीनमधील मिंग सेनापती ची जिग्वांग याच्या ग्रंथावर आधारलेले आहे.

जपानी राजवटीत (१९१०–१९४५) स्थानिक परंपरांची पीछेहाट झाली. १९४५ च्या सुमारास सोलमध्ये निघालेल्या अनेक प्रशिक्षणशाळांच्या संस्थापकांचे शिक्षण जपानी कराटेत झाले होते. ‘तायक्वांदो’ हे नाव १९५५ मधील होय. पायांच्या लयबद्ध हालचालींची ‘तेक्क्यॉन’ ही जुनी कला सोंग दोक-गी (१८९३–१९८७) यांच्यामुळे टिकली. तिला १९८३ मध्ये राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला व २०११ मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, कोरियात निःशस्त्र द्वंद्वाची प्राचीनता सिद्ध आहे. परंतु ह्वारांगांपासून तायक्वांदोपर्यंत तंत्राची अखंड साखळी सिद्ध होत नाही. पारतंत्र्यातून मुक्त झालेल्या समाजाने आपल्या नव्या क्रीडाप्रकारासाठी प्राचीन पूर्वज शोधावेत, हे स्वाभाविक आहे. त्या गरजेचाही इतिहास असतो आणि तो स्वतंत्रपणे अभ्यासण्याजोगा आहे. मात्र वर्गात वा क्रीडांगणावर हा विषय मांडताना चित्र, वृत्तांत, तंत्रग्रंथ आणि आधुनिक कथन यांपैकी कोणते साधन नेमके काय सिद्ध करते, हे विद्यार्थ्यांसमोर वेगवेगळे ठेवणे आवश्यक आहे. तसे केल्याने ह्वारांगांचे महत्त्व कमी होत नाही. ते त्यांच्या खऱ्या जागी, म्हणजे युवकांच्या नैतिक व सामाजिक शिक्षणाच्या इतिहासात, अधिक स्पष्ट होते.