नकाशात दडलेला नाणेघाट

विद्यार्थिमित्रांनो, परीक्षेत स्थलनिर्देशक नकाशावर प्रश्न येतो, म्हणून तुम्ही त्यातील चिन्हे पाठ करता. पण हाच नकाशा एखाद्या मुलखाचा भूगोल आणि इतिहास दोन्ही उलगडून दाखवतो. चला, जुन्नरच्या पश्चिमेकडचा भाग वाचून पाहू.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर. तपकिरी समोच्च रेषा समान उंचीची ठिकाणे जोडतात. लगतच्या दोन रेषांत साधारणपणे २० मीटरचा फरक असतो. रेषा दाटल्या की चढ उभा, विरळ झाल्या की उतार सौम्य. येथे त्या दाटतात, विरळ होतात, पुन्हा दाटतात. असे का? सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी येथे लाव्हाचे थर एकावर एक साचले. कठीण थरांचे कडे उरले, मऊ थर झिजून सपाट्या झाल्या. सह्याद्रीच्या पायऱ्या त्या याच!

आता निळ्या रेषा पाहा. कड्याच्या पूर्वेला उगम पावणाऱ्या कुकडीचे पाणी घोड, भीमा, कृष्णा असा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. पश्चिमेचे ओढे मात्र कोकणात उतरतात. म्हणजे हा कडा जलविभाजक आहे.

या दाट रेषांच्या भिंतीत एक अरुंद खिंड आहे आणि तिच्यातून पायवाट जाते. हाच नाणेघाट! सुमारे २,००० वर्षांपूर्वी, सातवाहनकाळात, कोकणातील बंदरांचा माल या वाटेने जुन्नरला येई. घाटमाथ्यावरील लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे. जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी हे किल्ले नकाशावर शोधा. वाटेवर नजर ठेवण्यासाठी डोंगर कसे निवडले, ते ध्यानात येईल.

कुकडीवर पुढे माणिकडोह धरण आहे. धरणापूर्वीचा नकाशा मिळाला, तर तो नव्याशेजारी ठेवा. आज निळा रंग आहे, तेथे पूर्वी काय होते? पाण्याखाली गेलेल्या शिवाराची ओळख आता अशा जुन्या नकाशांत आणि वृद्धांच्या आठवणींतच सापडते.

करून पाहा : आपल्या गावाचा नकाशा शिक्षकांच्या मदतीने मिळवा. दोऱ्याने शाळेपासून नदीपर्यंतच्या वाटेची लांबी मोजा. मग तीच वाट प्रत्यक्ष चाला. नकाशावर आहे पण जमिनीवर नाही, अशी एखादी विहीर, वाट किंवा वाडी आढळली, तर गावातील आजी-आजोबांना विचारा आणि त्यांचे उत्तर तारखेसह वहीत टिपून ठेवा.